प्रमुख पाहुणे आणि दोन फितींचा नायक

जुलै लागला की नाशिकमध्ये दोन तयाऱ्या सुरू होतात. गोदेला पूर येणार म्हणून रामकुंडावरच्या टपऱ्या हलवायच्या, आणि २६ तारखेच्या कारगिल विजय दिनासाठी जागा धरायची. पहिल्या कामात आपण दरवर्षी नवखेच ठरतो. दुसऱ्यात तरी ठरू नये म्हणून चार अनुभवाच्या गोष्टी सांगतो. तुम्ही मंडळाचे अध्यक्ष असा, होऊ घातलेले नगरसेवक असा, नाहीतर नुसतेच देशभक्त असा, उपयोगी पडतील.

आधी पाहुणा ठरवा. शहीद मागाहून ठरवता येतो. पाहुणा मालिकेतला असावा आणि मालिका अजून चालू असावी. ज्याने पडद्यावर एकदा तरी फौजी केलाय त्याची सुपारी जरा महाग पडते, पण गणवेश तो स्वतःचा आणतो आणि सलामही बरा ठोकतो. बजेट बेताचं असेल तर रील्सवालं कुणीतरी कॉलेज रोडलाच सापडेल. गाडीभाडं वाचेल.

मग निवेदकाला हुद्दे शिकवा. फौजेत 'नायक' हा हुद्दा आहे. दंडावर दोन फिती. एक असली तर लान्स नायक, तीन असल्या तर हवालदार. निवेदकाला हे ठाऊक नसतं. एका कार्यक्रमात त्याने 'लान्स नाईक' असं कागदावर वाचलं आणि 'नाईक कुटुंबीयांनी व्यासपीठावर यावं' असा तीनदा पुकारा केला. घरचं आडनाव वेगळंच होतं, त्यामुळे कुणी उठलं नाही. तिसऱ्या पुकाऱ्याला मालिकेतले नायक उठले. टाळ्या तेव्हा पडल्या.

फ्लेक्सचं गणित मात्र चुकवू नका. मधोमध नट, वर ओळीने नेते, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइज चेहरे आणि उरलाच तर डाव्या कोपऱ्यात जवान. फोटो त्याच्या घरून मागवायला वेळ नसेल तर इंटरनेटवरचा बर्फातला कुठलाही चालतो, फक्त दंड तपासा. मी पाहिलेल्या एका फ्लेक्सवरच्या जवानाच्या दंडावर परदेशी झेंडा निघाला होता. प्रिंटरवाला घाईत असतो. वाढदिवसाची फाइल उघडून नावं बदलतो आणि 'हार्दिक शुभेच्छा' तशाच राहून जातात. कारगिलमध्ये गेलेल्या ५२७ जणांना त्या पोचतात की नाही, हे विचारायला कुणी येत नाही.

आता जागा. गोल्फ क्लब मैदान उत्तम. कागदावर त्याचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे, पण रिक्षावाल्याला ते सांगू नका, तो मीटर न टाकता तुमच्याकडेच बघत बसेल. कान्हेऱ्यांनी २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या आणि १९ एप्रिल १९१० ला, अठराव्या वर्षी, ठाण्याच्या तुरुंगात ते फासावर गेले. जॅक्सनची बदली झाली होती, त्या दिवशीचा खेळ त्याच्याच सन्मानार्थ होता. म्हणजे प्रमुख पाहुण्यांसाठी खेळ लावायची आपली सवय काही आजची नाही.

एक पथ्य सांगून ठेवतो. शहीद निवडताना गोष्ट सरळ असलेलाच निवडा. २७ फेब्रुवारी २०१९ आठवतो? नाही? मिशी आठवत असेल. विंग कमांडर अभिनंदन पाकिस्तानच्या हाती लागले आणि पुढच्या काही दिवसांत गावोगावच्या सलूनमध्ये पोरं 'तशी मिशी काढ' म्हणून बसली. यात त्यांचा काहीच दोष नाही, त्यांनी विमान उडवलं, मिशी आपण उडवली. त्याच सकाळी काश्मीरमध्ये बडगामला एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं. आतले सहाही वायुसैनिक गेले, खाली जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्या सहांत नाशिकचे स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं, ही मोठी चूक होती, असं हवाईदलप्रमुखांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मान्य केलं. आता यावर घोषणा कशी द्यायची? कुणाला मुर्दाबाद म्हणायचं? १ मार्चला नाशिकमध्ये मांडवगण्यांवर अंत्यसंस्कार झाले तेव्हा गर्दी लोटली होती, खोटं कशाला बोलू. पण त्याच दिवशी अभिनंदन परत येणार म्हणून सगळे चॅनेल वाघा सीमेवर कॅमेरे लावून घड्याळ बघत होते, आणि संध्याकाळपर्यंत गर्दीही घरी येऊन तेच बघत बसली. मीही बसलो होतो.

तसंच देवळालीचं. तोफखान्याचं शिक्षण इथे होतं आणि कारगिलच्या लढाईत याच तोफखान्याने अडीच लाखांवर गोळे, बॉम्ब, रॉकेटं डागली. ते सांगायला एखादा निवृत्त तोपची बोलवायला हरकत नाही. आयुष्यभर तोफेशेजारी उभं राहून कान गेलेले असतात, त्यामुळे डीजेबद्दल तक्रार करत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथेच सराव सुरू असताना गोळा फुटून दोन अग्निवीर गेले, विशीतली पोरं. तो विषय काढू नका. त्या आठवड्यात कुठला नट किती वाजता कुठल्या इस्पितळात पोचला हे आपल्याला तोंडपाठ होतं, या दोघांचं गाव विचारलं तर पंचाईत होईल.

वीरपत्नींना चारची वेळ द्या. पाहुणे साडेसातला येतात. पुढचे सोफे मान्यवरांचे, तेव्हा मागे प्लास्टिकच्या खुर्च्या टाका. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि चटकन फोटो, कारण पाहुण्यांना मुंबई गाठायची असते आणि कसाऱ्याचा घाट पावसात वाईट. बाईंना माईक देऊ नका. एकदा दिला होता. त्यांनी कुणालाही धन्यवाद दिले नाहीत, फक्त विचारलं की नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेलं की दरवेळी बोटांचे ठसे उमटत नाहीत, शेतात राबून घासलेत, तर जिवंत असल्याचं दुसरं काय दाखवायचं? निवेदकाने 'भारत माता की' म्हणून प्रसंग सावरला.

मौन एक मिनिटाचं जाहीर करा, पाळा वीस सेकंद. सात डिसेंबरच्या ध्वजदिनाचा, जवानांसाठी निधी गोळा करायचा डबा मात्र फिरवू नका. लग्नसराई असते, लोकांना आहेराचंच जड जातं.

कार्यक्रम झाला की फ्लेक्स फेकू नका. निफाडकडचा कुणीही शेतकरी आनंदाने नेईल, ऑगस्टच्या झडीत कांदाचाळीला आडोसा लागतोच. टिकाऊ असतो. नटाचा चेहरा मधोमध असल्याने वारा भरतो तिथे आणि तोच आधी फाटतो. कोपऱ्यातला जवान शेवटपर्यंत राहतो, कारण दोरी ओवायचं भोक त्याच्याच खांद्यावर असतं आणि अख्खी ताडपत्री तिथूनच बांधलेली असते.