सुपरमॅनची गुलाबी गोळी

ऑक्टोबर 2023 मध्ये चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यावर मुंबई पोलिसांनी धाड टाकून मेफेड्रोन, म्हणजे नशेचं एमडी, पकडलं. तेव्हापासून आमच्या सोलापूरच्या ग्रुपवर एमडीचा विषय निघाला की ठरलेलं: किती किलो, किती कोटी, आणि शेवटी "घेणाऱ्यांनाही आत टाका". त्यावर अंगठ्यांचा पाऊस. बनवणाऱ्यांना टाकाच. घेणाऱ्यांबद्दल मात्र नेदरलँड्समधल्या उट्रेख्टमध्ये राहून माझं मत बदललंय.

इथे 1992 पासून नशेची गोळी तपासून मिळते. नाव विचारत नाहीत. वजन करतात, जाडी मोजतात, नोंदीतल्या गोळ्यांशी ताडून बघतात. जुळली नाही तर प्रयोगशाळेत पाठवतात. डिसेंबर 2014 मध्ये अशीच एक गुलाबी गोळी आली, वर सुपरमॅनचं चिन्ह. एक्स्टसी या पार्टीतल्या नशेच्या गोळीच्या नावानं विकलेली, निघालं पीएमएमए, त्याहून घातक रसायन. ते उशिरा चढतं. पोरांना वाटतं माल हलका आहे, म्हणून दुसरी गिळतात, आणि मग अंगाचा ताप आवरत नाही. देशभर इशारा गेला. त्या गोळीनं इथे कुणी दगावल्याची नोंद नाही. गोळी नेऊन दाखवावी अशी सोय इंग्लंडमध्ये नव्हती. तिथे 2015 उजाडता उजाडता चौघं गेली.

डच काही साधुसंत नाहीत. युरोपातली बरीचशी एक्स्टसी इथेच बनते, आणि दक्षिणेकडच्या ब्राबंट प्रांताच्या रानात रसायनांची पिंपं टाकून पळणारेही इथलेच. इंग्लंड-वेल्समध्ये तर 2023 साली कोकेनशी संबंधित 1,118 मृत्यू नोंदले गेले. म्हणजे शहाणपण कुणा एकाच्या वाट्याला आलेलं नाही.

सोलापूरच्या सात रस्ता चौकात उद्या तपासणी केंद्र काढा असं मी म्हणत नाही; पहिल्याच दिवशी काचा फुटतील. माझी मागणी त्याहून लहान आहे. पार्टीत पोरगा तडफडायला लागला तर मित्र त्याला दवाखान्याच्या दारात सोडतो, "दारू जास्त झाली" म्हणतो आणि सटकतो. डॉक्टर बिचारे दारूचे उपचार करत बसतात. आपल्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात कलम 64 अ आहे. उपचाराला तयार असलेल्या व्यसनी माणसाला ते खटल्यातून सूट देतं. पण शनिवारी पहिल्यांदाच गोळी घेतलेला पोरगा व्यसनी कुठला? आणि त्याला उचलून आणणारा मित्र तर त्या कलमात बसतच नाही.

मावसभाऊ म्हणतो, "सूट दिली की पोरं मोकाट सुटतील." अरे, ती आजही घेतातच की! फक्त काय घेतलं ते सांगत नाहीत. डॉक्टरला खरं सांगणाऱ्यावर गुन्हा दाखल होणार नाही, एवढी एक ओळ कायद्यात आली तरी मला चालेल. बाकीचं ग्रुपवर भांडू.