करार कसला, फर्मान आहे ते

मे महिना लागला की आमच्या शाळेतल्या सगळ्या फॉरेन टीचर लोकांचं बीपी वाढतं, कारण कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायची वेळ येते. यंदा माझी पार सटकलीये. मी चीनमध्ये जिआंगसू प्रांतातल्या एका प्रायव्हेट बायलिंग्वल शाळेत ए-लेव्हलचं, म्हणजे ब्रिटिश पद्धतीच्या अकरावी-बारावीचं, मॅथ्स शिकवतो. शाळेचं नाव घेत नाही कारण या महिन्याचा पगार अजून त्यांच्याच खिशात आहे, आणि तसंही इथे चार-चार शाळा फिरलेले साउथ आफ्रिकन, ब्रिटिश, फिलिपिनो असे सगळे भेटतात आणि प्रत्येकाची रडकथा तीच असते, तेव्हा नाव कुठलंही टाका, काय फरक पडतो.

तर झालं असं, शेवटचा तास संपवून खडूचे हात झटकत बाहेर आलो तर वायबानमधून बोलावणं. वायबान म्हणजे शाळेतलं फॉरेनर लोकांचं ऑफिस. तिथल्या बाई एकदम गोड हसतात, कागदी कपात गरम पाणी देतात (मे महिन्यात, हो, गरमच) आणि पुढ्यात कॉन्ट्रॅक्टच्या दोन प्रती सरकवतात, म्हणे मागच्या वर्षीचंच आहे, इथे, इथे आणि इथे सही करा. मी म्हटलं वाचतो. तर त्यांचा चेहरा असा पडला की जणू मी त्यांच्याकडे किडनी मागितली. वाचलं. पगाराच्या पानावर बारा महिन्यांचे दहा झालेले! उन्हाळ्याची सुट्टी बिनपगारी. घरभाड्याचा भत्ता "शाळेच्या परिस्थितीनुसार". नोटीस पिरियड साठ दिवस. आणि मध्येच सोडलं तर तीन महिन्यांचा पगार दंड, हे नवीनच. मी विचारलं हे मागच्या वर्षी नव्हतं ना? तर उत्तर, "लीडरने ठरवलंय."

हा लीडर कोण, हे मला आजतागायत कळलेलं नाही. प्रिन्सिपलला विचारा, ते म्हणतात बोर्डाचा निर्णय. बोर्डातल्या माणसाला विचारा, तो म्हणतो वायबानशी बोला. वायबान म्हणते लीडर. सगळे एकमेकांकडे बोट दाखवणार आणि मधल्यामध्ये आपण चेंडूसारखे इकडून तिकडे. लेखी विचारलं तर लेखी उत्तर कधीच नाही, वीचॅटवर (इथलं व्हॉट्सअ‍ॅप) एक अंगठा, विषय संपला.

आणि इकडे घरचे म्हणतात, "मग सोड ना, दुसरी बघ." अरे बाबांनो, सोडता येतं का इतकं सहज! पुण्यात कंपनी बदलतात तसं नसतं ते. इथे तुमचं वर्क परमिट त्या एका शाळेच्या नावावर असतं आणि राहायचा परवाना त्या परमिटवर. दुसरीकडे जायचं तर जुन्या शाळेने परमिट कॅन्सल करायला हवं आणि रिलीज लेटर द्यायला हवं, लाल गोल शिक्का मारून. त्या शिक्क्याशिवाय इथे कुठल्याही कागदाला रद्दीचा भाव. आणि शाळा काय करते, तर शिक्का मारणाऱ्या बाई सुट्टीवर, मग शिक्काच दुसऱ्या कॅम्पसवर, मग लीडर परगावी. तोवर इकडे परवान्याची तारीख संपत आलेली, नवीन शाळेचा एचआर रोज विचारतोय कागद आले का, आणि दोन-तीन आठवड्यांनी तो सरळ दुसरा माणूस घेतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, तर आमच्यातले निम्मे हरी जूनमध्ये वायबानच्या दारात उभे असतात.

चीड कशाची येते, तर कायदा वाईट नाहीये! २००८ पासूनचा लेबर कॉन्ट्रॅक्टचा कायदा आहे, तो वाचला तर वाटतं अरे हे तर चांगलंय. नोकरी सोडायची तर तीस दिवस आधी लेखी कळवा, बास, साठ-नव्वद नाही. नोकरी संपली की सोडल्याचा दाखला मालकाने द्यायचाच आहे, तो काय त्याचा उपकार नाही. दंडाचं कलम फक्त दोन ठिकाणी लावता येतं, खास ट्रेनिंगवर खर्च केला असेल तर किंवा स्पर्धकाकडे न जाण्याची अट असेल तर. मला कसलं ट्रेनिंग दिलं यांनी? प्रोजेक्टरचा रिमोट कुठे ठेवतात ते दाखवलं, एवढंच. एक वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टला प्रोबेशन जास्तीत जास्त दोन महिने, आमच्याकडे नवीन आलेल्या पोराला सर्रास तीन महिने लावलेत आणि तेवढ्या काळात पगारही कमी. त्याला म्हटलं अरे हे चालत नाही, तर तो म्हणतो सर जाऊद्या, आधी परमिट हातात येऊ दे. बरोबरच आहे त्याचं, काय बोलणार.

लेबर आर्बिट्रेशनला, म्हणजे कामगार तंट्यांच्या लवादाकडे, जा म्हणतात. जाता येतं, फी पण नाही. पण केस लागणार, तारीख पडणार, निकालाला दीड-दोन महिने, पुढे शाळा कोर्टात गेली तर अजून लांबण, आणि तेवढा काळ तुम्ही इथे राहणार कशावर? शाळेने परमिट कॅन्सल केलं की बॅग भरायला मोजके दिवस मिळतात. मॅनेजमेंटला हे गणित आपल्यापेक्षा चांगलं येतं. ते कोर्टाला घाबरत नाहीत कारण त्यांना माहितीये की जुलै संपायच्या आत हा माणूस विमानात बसलेला असणार.

आता खरी संतापाची गोष्ट. याच संस्थेचं गावात एक किंडरगार्टन आहे, वेगळी कंपनी, वेगळं रजिस्ट्रेशन. मार्चमध्ये आम्हा दोघा-तिघांना सांगितलं की बुधवारी दुपारी तिकडे जाऊन "जरा खेळ घ्या", पालक येणारेत, फोटो काढायचेत. आता माझं परमिट या शाळेचं. परमिटवर जो मालक लिहिलाय त्याच्याशिवाय दुसरीकडे काम केलं तर ते बेकायदा, आणि पकडलं तर कामगाराला पाच ते वीस हजार युआन दंड, प्रकरण गंभीर असेल तर पाच ते पंधरा दिवस आतमध्ये पण. म्हणजे फोटो यांच्या ब्रोशरसाठी आणि पोलीस स्टेशनला जायचं मी. नाही म्हटलं, तर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर "टीम स्पिरिट कमी आहे" असं ऐकवलं. टीम स्पिरिट! तीन वर्षांच्या पोरांना क्वाड्रॅटिक इक्वेशन शिकवू का मी तिकडे?

फापियाओचं तर विचारूच नका. म्हणजे सरकारी बिल. घरभाड्याचा भत्ता फापियाओ दाखवला तर आम्हा फॉरेनर लोकांना टॅक्समध्ये माफ होतो, सवलत २०२७ अखेरपर्यंत वाढवलेली आहे, सगळं ठीक. पण घरमालक फापियाओ देत नाही कारण मग त्याला टॅक्स भरावा लागतो, दिला तर भाडं वाढवून मागतो, आणि शाळा म्हणते फापियाओ नाही तर भत्ता नाही. कॉन्ट्रॅक्टमध्ये भत्ता लिहिताना ही अट कुठे होती? नव्हती. विचारलं की तेच, लीडर.

सोशल इन्शुरन्स फॉरेनर लोकांना पण लागू आहे २०११ पासून. आमची शाळा म्हणते तुम्ही काय इथे म्हातारे होणार आहात का. अरे, देश सोडताना स्वतःच्या खात्यातला पेन्शनचा हिस्सा परत मिळतो, तो कोण देणार मला?

आणि भारतीय असलं की अजून एक थर वरती. इंग्रजी शिकवायचं परमिट साधारण सातच देशांच्या पासपोर्टवर मिळतं, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, साउथ आफ्रिका. म्हणून आपण सगळे मॅथ्स-फिजिक्सवाले. आणि कागदांची वरात तर अशी, की डिग्री आधी राज्याकडून अटेस्ट करा, मग परराष्ट्र मंत्रालय, मग चिनी कॉन्सुलेट, वर पोलीस क्लिअरन्स वेगळा. चीन २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये अपोस्टिलमध्ये (एकाच शिक्क्यावर दुसऱ्या देशाचे कागद मान्य करायचा आंतरराष्ट्रीय करार) आला, ब्रिटिश पोरं एका शिक्क्यात मोकळी झाली, पण भारत आणि चीनमध्ये ते लागूच नाही, त्यामुळे आपले खेटे तसेच. एवढा खर्च आणि एवढे हेलपाटे करून आलेला माणूस पटकन परत जात नाही, हे मॅनेजमेंटने बरोबर ओळखलंय, म्हणून माझ्या शेजारच्या केबिनमध्ये तेच ए-लेव्हल, तेवढेच तास शिकवणाऱ्या गोऱ्या सरांच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये बारा महिने आहेत आणि माझ्यात दहा. त्यांनी स्वतःच दाखवलं मला, बिचाऱ्यांना पण लाज वाटली.

सुट्ट्यांवर तर बोलायलाच नको. २०२४ ला ऑक्टोबरच्या सात दिवसांच्या सुट्टीसाठी २९ सप्टेंबरचा रविवार आणि १२ ऑक्टोबरचा शनिवार भरून द्यावा लागला, ते देशाचंच धोरण आहे, चालतं, सगळेच भरतात. पण दिवाळीचा एक दिवस माझ्या हक्काच्या रजेतून मागितला तर म्हणे सहा महिन्यांचा अटेंडन्स बोनस कापणार. अख्खा!

एजंट लोक तर विचारूच नका. आपल्याकडे काही महाभाग पोरांना सांगतात, बिझनेस व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर कन्व्हर्ट करून देतील. अजिबात जाऊ नका. झेड व्हिसा, म्हणजे कामाचा व्हिसा, हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका, आणि कॉन्ट्रॅक्टची चिनी प्रत ओळखीच्या माणसाकडून वाचून घ्या, कारण वाद झाला की बहुतेक तीच धरली जाते आणि इंग्रजी प्रत तुमच्या समाधानासाठी असते.

मी अजून सही केलेली नाही. बदललेल्या प्रत्येक ओळीखाली लाल पेनाने रेघ मारून, फोटो काढून, चिनी भाषेत प्रश्न लिहून ग्रुपवर टाकले, सगळ्यांसमोर, मुद्दाम. दोन तास कोणीच काही बोललं नाही. मग वायबानच्या बाईंचा मेसेज, शुक्रवारी चार वाजता सगळ्या फॉरेन टीचर्सची मीटिंग, हजेरी सक्तीची, विषय "करिअर कमिटमेंट". त्याखाली लगेच अकरा जणांनी "मिळाला" म्हणून उत्तर टाकलं. मी नाही टाकलं.