'मागच्या ॲपला पत्ताही लागत नाही' हे खरं नाही

सध्या एक सल्ला ग्रुपमधून फिरतोय: साइटचा एखादा भाग दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचाय? पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवा, त्यात प्रॉक्सी-पासची (रिक्वेस्ट मागच्या सर्व्हरकडे धाडणारी) एक ओळ लिहा, झालं. मागच्या ॲपला पत्ताही लागत नाही, साइट वेगवान होते, सुरक्षित होते आणि एक सर्व्हर पडला तरी चालू राहते. असा पुढे बसून रिक्वेस्ट मागे पोहोचवणारा सर्व्हर म्हणजे रिव्हर्स प्रॉक्सी. ते उत्तम साधन आहे, म्हणूनच हा अर्धवट सल्ला खटकतो.

आधी ती एक ओळ. समजा '/दुकान/' हा भाग दुसऱ्या मशीनवर नेला. प्रॉक्सी-पासच्या पत्त्याला शेवटी स्लॅश दिला, तर '/दुकान/यादी' ही रिक्वेस्ट मागे '/यादी' म्हणून पोहोचते. पत्त्यात पोर्टच्या आकड्यानंतर काहीच लिहिलं नाही, तर जशीच्या तशी जाते. स्लॅश दिला आणि ॲपला आपण '/दुकान/'खाली आहोत हे सांगितलंच नाही, तर ते पानावर '/लॉगिन' अशी लिंक छापतं. ग्राहक क्लिक करतो आणि जुन्या साइटच्या ४०४वर, म्हणजे 'पान सापडलं नाही'वर, जाऊन आदळतो. इलाज ॲपमध्येच आहे: बेस पाथ, म्हणजे ॲप ज्या पत्त्याखाली चालतं तो भाग, सेट करा.

शिवाय ॲपला प्रत्येक रिक्वेस्ट प्रॉक्सीच्याच आयपीवरून आलेली दिसते. चुकीच्या पासवर्डांवरून आयपी ब्लॉक होत असेल, तर एकापायी सगळेच बाहेर. ग्राहकाचा खरा आयपी सांगणारा एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडर प्रॉक्सीला पाठवावाच लागतो, आणि ॲपने तो फक्त आपल्या प्रॉक्सीकडून आलेला मानायचा. नाहीतर कुणीही हवा तो आयपी लिहून पाठवेल.

वेगाचं म्हणाल तर मध्ये एक टप्पा वाढतो. कॅशिंग केलंत (तयार उत्तरं प्रॉक्सीवरच साठवलीत) किंवा लोड खरोखरच अनेक सर्व्हरांत वाटला गेला, तर फायदा.

सुरक्षिततेचा दावा मला सर्वांत घातक वाटतो. मागच्या मशीनचा पोर्ट फायरवॉलने बंद केला नाही, तर प्रॉक्सी टाळून कुणीही थेट आत येतं. त्याहून मोठी गोष्ट: एकाच डोमेनखाली आलेली दोन ॲप्स ब्राउझरच्या लेखी एकच साइट असतात. ब्लॉगच्या कॉमेंटमधून कुणी स्क्रिप्ट घुसवली, तर ती लॉगिन केलेल्या ग्राहकाच्या नावाने दुकानात ऑर्डरही टाकू शकते. कुकीला पाथ दिल्याने हे थांबत नाही. ज्या ॲपवर भरवसा नाही, ते वेगळ्या सबडोमेनवरच ठेवा.

राहिला सर्व्हर पडण्याचा मुद्दा. दुकानाचं मशीन पडलं तर दुकान ५०२ किंवा ५०४ ही एरर दाखवतं, बाकी साइट चालते; एवढं खरं. पण प्रॉक्सी पडला तर सगळंच बंद. त्यासाठी दुसरा प्रॉक्सी हवा, आणि पहिला बंद पडताच त्याच्याकडे जाणारा आयपी. कीपअलाइव्हड या प्रोग्रामने ते जमतं, एका ओळीत मात्र नाही.