पोर्ट टालबोटच्या भट्ट्या विझल्या, आता गडचिरोलीचं बोलूया

ब्रिटनमधल्या साउथ वेल्समध्ये राहते, पोर्ट टालबोट हे पोलादाचं गाव इथून जवळच. 30 सप्टेंबर 2024 ला टाटा स्टीलने तिथली शेवटची ब्लास्ट फर्नेस, म्हणजे खनिजापासून लोखंड करणारी भट्टी, बंद केली तेव्हा आमच्या गावाकडच्या ग्रुपवर दोनच सूर होते, एक म्हणजे इंग्रजांची कशी जिरली आणि दुसरा म्हणजे टाटांनी 2007 ला कोरस ही इथली पोलाद कंपनी घ्यायलाच नको होती. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, ते मला खरंच लागलं.

त्याच्या दहाच दिवस आधी ओडिशात कलिंगनगरला याच कंपनीने भारतातली सगळ्यात मोठी ब्लास्ट फर्नेस पेटवली होती. मग आपल्याकडे सगळे गृहीत धरतात की भट्टी आपल्याकडे आली म्हणजे नोकऱ्याही आल्या.

पण नोकऱ्या टाटा यायच्या कितीतरी आधीपासून जात होत्या. 1960 च्या दशकात एकट्या पोर्ट टालबोटमध्ये 18 हजारांच्या आसपास माणसं कामाला होती, मग 1980 चा ब्रिटनभरातला तीन महिन्यांचा संप, थॅचरबाईंची कपात, 1988 ला खाजगीकरण, आणि शेवटी राहिले चार हजार. आता 1.25 अब्ज पौंड खर्चून इलेक्ट्रिक भट्टी बांधतायत, त्यातले 50 कोटी सरकारचे. ती भंगार वितळवून स्टील करणार, म्हणजे कोळशाचा कोक करणारे ओव्हन नको, खनिजाची भुकटी भाजून घट्ट करणारा सिंटर प्लांट नको आणि तिथली माणसंही नकोत. कार्बन कमी होईल हे चांगलंच आहे, इथल्या बायका वर्षानुवर्षं खिडक्यांवरची धूळ पुसत आल्यात. पण आमच्या शेजारचे काका आयुष्यभर कोक ओव्हनवर होते, वडीलही तिथेच, आता पन्नाशी उलटल्यावर ट्रकचं लायसन्स काढतायत. पैसे मिळाले, नीट मिळाले, युनियनने भांडून घेतले. मुलाला मात्र तिथे काम नाही. कारखान्यावर चालणाऱ्या छोट्या ठेकेदारांच्या माणसांना तर तेवढंही मिळालं नाही.

आणि हे ठेकेदारांचं प्रकरण आपल्याकडे कितीतरी मोठं आहे. सेल या सरकारी पोलाद कंपनीत एकेकाळी दोन लाखांच्या वर कायम कामगार होते, आता साठ हजारांच्याही खाली आलेत, उत्पादन मात्र वाढलंय. बरंचसं काम कंत्राटी माणूस करतो, त्याच भट्टीसमोर, कमी पगारात. विशाखापट्टणमच्या प्लांटवरून वर्षानुवर्षं सरकारी की खाजगी हाच वाद, 2025 च्या जानेवारीत केंद्राने 11,440 कोटींचं पॅकेज दिलं आणि त्याच वर्षी कंत्राटी कामगारांना काढण्यावरून तिथे आंदोलन पेटलं. मालक कोण यावर आपण इतकं भांडतो, पण हजेरीपटावर कोण आहे हे कुणी विचारतच नाही.

म्हणून गडचिरोली स्टील हब होणार म्हणून बातम्या येतात तेव्हा मला आनंदही होतो आणि धास्तीही वाटते. सुरजागडचं लोहखनिज, कोनसरीचा कारखाना, तिथल्या पोरांना काम मिळायलाच हवं, याबद्दल माझं दुमत नाही. पण गिरणगावात घडलेलं आपण पाहिलंय, गिरणी संपानंतर चाळीसहून जास्त वर्षं झाली तरी घरांसाठी चकरा मारणारी कुटुंबं आहेत. कामगार तेव्हा मागायला लागले, जेव्हा हातात काहीच उरलं नव्हतं. गडचिरोलीत अजून वेळ गेलेली नाही, तेव्हा कायम किती, कंत्राटी किती, फिटर-इलेक्ट्रिशियनचं ट्रेनिंग कुणाला आणि कंत्राटी माणसाला काढलं तर त्याला काय मिळणार, हे आत्ताच लिहून घ्यायला हवं, आणि ते ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचून दाखवायला हवं.