बिल्ला क्रमांक कोणाचा?

आज दुपारी एका सहकाऱ्याच्या वाढदिवसानिमित्त आम्ही काही जण लोअर परळमधल्या, माझ्या घरापासून चालत पाच मिनिटांवर असलेल्या एका जुन्या गिरणीच्या आवारात नव्याने उघडलेल्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेलो होतो. ‘गिरणी’ ही तिथली थीम आहे, असे आम्हाला दारातच अभिमानाने सांगण्यात आले. वाढणाऱ्या मुलांच्या अंगात खाकी सदरे होते, प्रत्येकाच्या खिशावर क्रमांक कोरलेला पितळी बिल्ला होता आणि भिंतीवर मागावर आडवा धागा नेणारे धोटे व सूत गुंडाळायच्या बॉबिनी टांगलेल्या होत्या. हे सगळे मी मुकाट्याने पाहून घेतले. मात्र जेवणानंतर बिल आले ते पगाराच्या तपकिरी पाकिटात. त्यावर कामगाराचे नाव, खाते आणि पाळी यांसाठी रिकाम्या जागा छापलेल्या होत्या. सगळ्यांनी हौसेने त्या पाकिटाचे फोटो काढले आणि माझ्या डोक्यात जी तिडीक गेली, ती हे लिहीपर्यंत उतरलेली नाही.

माझे मामा याच भागातल्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विणकाम विभागात, होते. पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर खानावळवाल्या बाया, व्याजाने पैसे देणारे पठाण आणि घरच्या बायका अशी सगळीच गर्दी उभी असे, आणि मामी त्या गर्दीत पुढे असत, कारण पाकीट आधी कोणाच्या हाती पडते यावर पुढचा महिना अवलंबून असे. रिकामे पाकीटही टाकून दिले जात नसे. मामी त्याच्या पाठीमागे वाण्याच्या उधारीचा हिशेब लिहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पाकीट यायचे थांबले. सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात होते, आणि तो अधिकृतपणे मागे घेतल्याचे आजपर्यंत कोणी जाहीर केलेले नाही, हे तुम्हा मंडळींना मी वेगळे सांगायला नको. मामा गावी गेले, परत आले, तेव्हा गिरणीने त्यांना कामावर घेतले नाही. उरलेली उमेद त्यांनी भिवंडीच्या यंत्रमागांवर बारा-बारा तासांच्या पाळीत खर्च केली.

गिरणी म्हणजे स्वर्ग होता, असे माझे म्हणणे नाही. कापसाच्या तंतूंनी छाती भरत असे, साच्यांच्या आवाजाने कान जात, आणि मामा अजूनही समोरच्याशी फाटकाबाहेरच्या माणसाला हाक मारावी इतक्या मोठ्याने बोलतात. मी स्वतः गिरणीच्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये भाड्याने राहते, हेही कोणी मला ऐकवण्याआधी मीच लिहून टाकते.

परंतु ही जमीन मोकळी कशी झाली, याचा एक कागदोपत्री इतिहास आहे आणि तो कोणत्याही भिंतीवर टांगलेला मला दिसला नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार पुनर्विकासाला काढलेल्या गिरणीच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी होती. २००१ मध्ये नियम असा बदलला की वाटणी फक्त मुळातच रिकाम्या असलेल्या जमिनीची होईल; म्हणजे जिथे शेड उभी होती, ती पाडल्यावर मोकळी झालेली जागा हिशेबातच धरायची नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. गिरणगावातल्या सुमारे ६०० एकर गिरणी-जमिनीतून शहराच्या आणि कामगारांच्या वाट्याला मग काय राहिले, हे लोअर परळ स्थानकातून बाहेर पडून एकदा मैदान शोधून पाहिले की समजते.

गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या घरांना पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आले. २०१२ च्या लॉटरीत ६,९२५ घरे निघाली, नंतर आणखी काही निघाली, तरी सगळी मिळून ती अर्जांच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच आहेत. बाकीच्यांना आता मुंबईबाहेर, बदलापूरच्याही पुढचे शेलू आणि वांगणी दाखवले जात आहे. काहींना घरे मिळाली, हे मान्य.

मामांचा अर्ज अजून पात्रतेतच अडकलेला आहे. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर आपण गिरणीत नोकरीला होतो, हे त्यांना सिद्ध करायचे आहे, आणि त्यांची हजेरीपत्रके व भविष्यनिर्वाह निधीच्या पावत्या २६ जुलै २००५ च्या पुरात बदलापूरच्या खोलीत भिजून गेल्या. त्यांना स्वतःचा मोबाइल क्रमांक पाठ नाही, पण गिरणीत ओळख म्हणून मिळालेला बिल्ला क्रमांक विचारला तर क्षणात सांगतात. कार्यालयातल्या बाबूंचे म्हणणे असे की तोंडी क्रमांक चालत नाही, कागद आणा.

आणि इथे तो क्रमांक कोणाच्याही खिशावर लावला जातो! आमच्या टेबलावरच्या मुलाला मी विचारलेच, की तुझा बिल्ला कायमचा का. तो म्हणाला, “नाही मॅडम, काल वेगळा होता. सकाळी डब्यात हात घालायचा, जो येईल तो लावायचा.” मुलगा खटावकडचा निघाला. त्याला नोकरी मिळाली आहे आणि ती टिकावी, त्याच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. त्याच्याशी बोलताना माझा आवाज चढला नाही, एवढे समाधान आहे.

घरी येऊन मी मामांना फोटो पाठवले. माझी अपेक्षा होती की ते चिडतील. त्यांनी आधी धोट्याचा फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, “अगं, धोट्यात कांडी लागते. ही सूतकताईच्या रिंगखात्याची बॉबिन त्यात बसायचीच नाही, कोणी लावली ही?” त्यानंतर पाकिटाचा फोटो पाहून ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारले, “ही पाकिटे त्यांना कुठल्या गिरणीतून मिळाली? जुन्या गठ्ठ्यात माझ्या नावाचे एखादे असेल तर बघ ना. पुरावा म्हणून चालेल.”

मी व्यवस्थापकांना फोन करून विचारले. पाकिटे सजावट करणाऱ्यांनी छापखान्यातून नवी छापून घेतलेली आहेत.

तेव्हा आता एक विनंती. तुमच्यापैकी कोणाच्या घरी, आजोबांच्या ट्रंकेत किंवा माळ्यावर, डिलाइल रोड, लोअर परळ, वरळी या पट्ट्यातल्या गिरण्यांचे १९८१-८२ चे काही कागद असतील, उदाहरणार्थ युनियनच्या वर्गणीच्या पावत्या, पतपेढीची पुस्तके, साचेखात्यातल्या मंडळींचा नावे लिहिलेला ग्रुप फोटो किंवा एखाद्या खानावळीची वही, तर कृपया मला इनबॉक्समध्ये कळवा. मामांचे नाव, गिरणी आणि बिल्ला क्रमांक मी तिथेच देईन.