शंभर फुटीवरून आत, ३३ फूट

सांगलीत सगळं फुटांत मोजतात. मिलिमीटर वगैरे पेपरात. आम्ही कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडं बघतो. पाणी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. १९२९ सालच्या त्या पुलानं अख्ख्या गावाला फूटपट्टी शिकवली. पुण्याच्या माझ्या आत्याला आमची पोरं कितवीत आहेत ते आठवत नाही, पण पावसाळा लागला की तिचा फोन ठरलेला : "किती फूट झालं रे?" २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा हा प्रश्न तिनं तासातासाला विचारला.

आमचं घरही फुटांतलंच. वडिलांनी शामरावनगरच्या बाजूला एक गुंठा घेतला. ३३ बाय ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट. तुकडेबंदी, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे विकायला बंदी. त्यामुळं खरेदीखत होईना, म्हणून व्यवहार बाँडवर. तो बाँड आईनं साडीच्या घडीत ठेवला आणि साडी कुणाला नेसू दिली नाही. पुढं २००१ ला गुंठेवारीचा कायदा आला आणि घरं कायद्यात बसवायची सोय झाली. रस्ता मात्र अजून कुठंच बसायला तयार नाही. काळी माती आहे. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात चप्पल ठेवून घेते. जुनी माणसं शंभर फुटीवरच्या किराणा दुकानात बूट ठेवून, पायांत दुधाच्या पिशव्या घालून घरी येतात. मी त्यातला नाही. मी साखरेच्या पिशव्या वापरतो. जाड असतात.

त्यात गेल्या जुलैत आम्ही वॉशिंग मशीन घेतलं. चिखलाचे कपडे धुवायला.

टेम्पोवाल्याचा फोन आला. "साहेब, शंभर फुटीवर आलोय. कुठं वळू?"

"चिखल लागला की डावीकडं."

"सगळीकडंच लागलाय की ओ."

शंभर फुटी हे रस्त्याचं नाव आहे, माप नव्हे. दोन्ही अंगाला गॅरेजच्या उघड्या पडलेल्या गाड्या, मग चहाचा गाडा, मग चहा प्यायला थांबलेल्यांच्या गाड्या, मग वाढदिवसाचा फ्लेक्स. फ्लेक्सवर उत्सवमूर्ती एक आणि शुभेच्छुक बत्तीस. आमच्या गल्लीचा फलक याच शुभेच्छुकांच्या मागं आहे. त्यामुळं मी पत्ता सांगताना "गॉगलवाल्या दादाच्या कोपरापासून आत" असं सांगतो. पण त्या दिवशी दादांचा वाढदिवस संपून दुसऱ्या दादांचा लागला होता आणि त्यांनी हाताची घडी घातली होती. टेम्पो दोनदा पुढं गेला.

शेवटी आला, आणि गल्लीच्या तोंडाशी मागच्या चाकापर्यंत रुतला. ड्रायव्हर उतरला, चिखल बघितला, पावती माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "डिलिव्हरी रस्त्यापर्यंत असते."

"मग रस्ता येईपर्यंत चला की," मी म्हणालो. तो हसला नाही.

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीत ड्रेनेजसाठी खणणारा जेसीबी चहाला थांबलेला दिसला. समोरचे तात्या पुढं झाले. "भावा, एवढं घरात सोड की. दोन मिनटाचं काम हाय." सांगलीत दोन मिनिटांचं काम सांगितलं की माणूस नाही म्हणत नाही. वेळही बघत नाही. जेसीबीनं आधी टेम्पो ओढून काढला, मग चौघांनी मशीन बकेटमध्ये बसवलं. दोन्ही बाजूंनी दोघं पोरं धरायला उभी राहिली, आणि मिरवणूक निघाली. गल्लीतली सगळी दारं उघडली. कोपऱ्यावरच्या काकूंनी जेसीबी थांबवून मशीनला हळदकुंकू लावलं. हळदीची पेठ असलेलं गाव, चिमूट कशाला, बोटभर लावली. पोरं व्हिडिओ काढत होती. मी पुढं पुढं चालत "सावकाश, सावकाश" म्हणत होतो. तेवढंच काम माझ्या वाट्याला आलं होतं.

आमच्या दारापासून दोन घरं अलीकडं जेसीबी थांबला. पुढं जाईना. बाँडवरच्या नकाशात गल्ली १५ फुटांची आहे. पण प्रत्येकानं आपापल्या सोयीनं थोडं थोडं घेतलेलं. कुणाची बोअरची मोटर, कुणाचं तुळशीवृंदावन, कुणाचा जिना. यावर मी पूर्वी वॉर्डात अर्जही दिला आहे, चांगला दीड पानी, 'नागरी शिस्तीचा अभाव' अशा शब्दांचा. पोच आहे माझ्याकडं.

ऑपरेटरनं केबिनमधून मान बाहेर काढली. समोर कडप्प्याची छान रुंद पायरी होती. दीड फूट, फार तर पावणेदोन. आम्ही पायरी सोडून कधी वागलो नाही; फक्त ती रस्त्यावर नेऊन ठेवली आहे. सगळी गल्ली येता जाता तिथंच पाय धुते.

"ही पायरी कुणाची ओ?" तो ओरडला. "बकेट घासतंय!"

मी मागं वळून बघितलं. अर्जातले बरेच शब्द आठवले.

"कुणाची काय विचारतोस," तात्या म्हणाले, "साहेबांचीच की! सांगा ओ साहेब, फोडू का तेवढी?"

बकेटमध्ये मशीन हलत होतं, हळद गळून पांढऱ्या पत्र्यावर ओघळ आले होते, आणि सोळा-सतरा मोबाइल माझ्याकडं वळले होते. मी म्हटलं, "थांबा, आधी बाँड बघून येतो," आणि आईच्या साडीच्या कपाटाकडं गेलो.