मांडीवरची चापट

तोतरं बोलणाऱ्या पोराला "हळू बोल, घाबरू नको" सांगणं आणि त्याचं वाक्य आपणच पुरं करणं, हे दोन्ही बंद करा, हात जोडून सांगतेय.

अडखळणं मुळात कुणी शिकवलेलं नसतं. त्यात मेंदूची ठेवण असते, अनुवंशिकता असते, बहुतेकदा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतं आणि बऱ्याच मुलांचं आपोआप जातंही. (आपल्याकडे सोलापुरात, पूर्व भागात घरी तेलुगू, शाळेत मराठी, म्हणून पोरगं अडखळतं असं सर्रास म्हणतात, तेही चूक.) पण त्याच्याभोवती जे गोळा होतं ना, डोळे मिटणं, मान झटकणं, शब्द बदलणं, ते मात्र शिकलेलं असतं. ब्रुटन आणि शूमेकर या संशोधकांनी 1967 मध्येच सांगितलं की भीती बसते पावलोव्हच्या प्रयोगासारखी, त्यात कुत्र्याला खाणं येण्याची खूण ऐकूनच लाळ सुटायची ना, तशी, आधी शब्द अडकतो, लोक हसतात, मग नुसती फोनची रिंग वाजली तरी छाती धडधडते, आणि टाळाटाळ टिकते ती त्यातून मिळणाऱ्या सुटकेमुळे.

माझा भाचा नववीत आहे. शब्द अडकला की मांडीवर चापट मारतो. कधीतरी चापट मारली आणि नेमका तेव्हाच शब्द सुटला असणार, मेंदूने गाठ मारून ठेवली. आता चापटीने बहुतेक वेळा काही होत नाही, तरी हात जातोच, कारण दहातून एकदा जरी शब्द सुटला तरी सवय पक्की होते, उलट अशीच सवय मोडायला जास्त अवघड जाते. नवी पेठेत दुकानात शेंगा चटणी मागायची होती, "शे" वर अडकला, बोट दाखवून "ती द्या" म्हणाला. दुकानदाराने लगेच दिली, बिचाऱ्याचा हेतू चांगलाच होता. पण सुटका झाली, म्हणजे पुढच्या वेळी बोट आधी वर येणार आणि "शे" ची भीती आणखी वाढणार. आणि स्वतःच्या नावाला तर दुसरा शब्दच नाही, म्हणून हजेरी, तोंडी परीक्षा, "बाळ, नाव काय तुझं?" इथे ही पोरं सगळ्यात जास्त अडकतात.

आता थेरपिस्ट त्याला मुद्दाम अडखळायला लावतात, व्हॅन रायपर या अमेरिकन वाचातज्ज्ञांची पद्धत आहे ती, भीती वाटते तेच करायचं आणि पळायचं नाही. आमच्या आत्यांना हे अजिबात पटत नाही, त्या अजून मधात वेखंड उगाळून पाठवतात. आम्ही डबी ठेवून घेतो, आणि तो "शे-शे-शेंगा चटणी" म्हणेपर्यंत घरात कुणी मध्ये बोलत नाही.